पैसे संपल्यावर येणारी माणसं

प्रश्न विचारणारे भांडुपचे. वय चौतीस, छपाईचं स्वतःचं छोटं युनिट, कर वेळेवर भरणारे. त्यांचं म्हणणं असं : सरकारने दवाखाने चालवण्याच्या भानगडीत पडू नये. ज्याने त्याने तब्येत सांभाळावी, विमा काढावा, अडीनडीसाठी चार पैसे बाजूला टाकावेत. फुकटच्या योजनांनी लोक आळशी होतात. "माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी महापालिकेच्या हॉस्पिटलची पायरी चढली नाही," हे त्यांनी अभिमानाने लिहिलंय. आणि शेवटी जाता जाता एक ओळ : बाबा आता एकाहत्तरचे आहेत, जिना चढताना छातीत भरून येतं, पण "बघू" म्हणतात. तुमचं मत काय?

मी डॉक्टर नाही. वैद्यकीय समाजसेविका म्हणून अठ्ठावीस वर्षं काम केलं. त्यातली एकोणीस वर्षं महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात गेली, उरलेली एका धर्मादाय रुग्णालयात. खर्चाचा अंदाज लिहिलेला कागद हातात घेऊन नातेवाईक ज्या टेबलाशी येतात, त्या टेबलामागे मी बसायचे. माझी मतं तिथेच तयार झाली, त्यामुळे ती तिथूनच सांगते.

आधी तुमच्या बाजूचं. स्वावलंबनाची किंमत मला ठाऊक आहे. "मॅडम, आम्ही आजपर्यंत कुणाकडे मागितलं नाही" हे वाक्य माझ्या टेबलाशी इतक्या लोकांनी उच्चारलंय, आणि बहुतेकांनी स्वतःचं नाव सांगायच्या आधी. बोलताना नजर टेबलावरच्या काचेवर. त्या माणसांबद्दल मला कायम आदर वाटला. पण याच माणसांचं सगळ्यात जास्त नुकसान होताना मी पाहिलं, आणि ते कसं होतं हे तुम्हाला सांगावंसं वाटतं.

एक बाई आल्या होत्या. साडीच्या दुकानाची जाड पिशवी, तिच्यात फाइल, फाइलमध्ये सगळ्या पावत्या तारखेनुसार टाचण्या लावून ठेवलेल्या. इतकी नीट फाइल आमच्या ऑफिसातसुद्धा नसायची. नवऱ्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. घराजवळच्या खाजगी नर्सिंग होममध्ये नऊ दिवस व्हेंटिलेटरवर ठेवलं. पहिल्या दोन दिवसांत बँकेतले पैसे गेले. तिसऱ्या दिवशी भिशी उचलली, पाचव्या दिवशी बांगड्या आणि मंगळसूत्र गहाण, सातव्या दिवशी पतपेढीचं कर्ज. नवव्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता महापालिकेत शिफ्ट करा. सहा लाख चाळीस हजार झाले होते. मी पावत्या चाळत होते आणि त्या म्हणाल्या, "ह्यांना तसल्या हॉस्पिटलात आवडलं नसतं, म्हणून आधी इकडे आणलं नाही." आमच्याकडे न्यूरोसर्जरी विभाग होता, चोवीस तास चालणारा. नवव्या दिवशी जे डॉक्टर त्यांना बघणार होते, तेच पहिल्या दिवशीही बघणार होते. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगून काय उपयोग होता?

आधी खाजगी, पैसे संपले की महापालिका. मुंबईत हा क्रम इतका रुळलाय की कुणाला तो उलटा वाटतच नाही. आयुष्यभर कष्टाने जमवलेलं सगळं पहिल्या आठवड्यात ओतायचं, आणि रिकाम्या हाताने, बिघडलेल्या अवस्थेतला पेशंट घेऊन, रात्री अकराला "व्हेंटिलेटर रिकामा आहे का हो?" असं विचारत फिरायचं. कारण काय, तर आपण 'तसले' नाही. याला मी स्वावलंबन म्हणत नाही. दुखणं अंगावर काढतात, तसा हा खर्च अंगावर काढणं आहे.

आता तुमचा मुख्य मुद्दा : ज्याने त्याने आपलं पाहावं. कुठल्या आजारात पाहता येतं? साखर, रक्तदाब, वजन, तंबाखू यांत बरंच आपल्या हातात आहे, हे शंभर टक्के मान्य. मशेरीने गालाच्या आत जखम झालेल्या बायका मी वर्षानुवर्षं पाहिल्यात. जखम सहा-सहा महिने लपवलेली. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते हे गल्लीतल्या पोराला विचारा. तिथे सरकारी बंदी पुरी पडत नाही, माणसाने स्वतःच ठरवावं लागतं. बायपास होऊन महिन्याभरात बिडी ओढताना सापडलेल्या पेशंटवर मी चिडलेली आहे, मोठ्याने ओरडलेली आहे.

पण क्षयरोगाचं काय कराल? एकोणीस वर्षांची एक मुलगी होती, कॉलेजला जाणारी, दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं. वडील तुमच्या वडिलांसारखेच, स्वाभिमानी. खाजगी डॉक्टर, औषधं दुकानातून रोखीने. अडीच महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढलं, औषधांचा खर्च टोचत होताच, गोळ्या बंद केल्या. उपचार सहा महिन्यांचा होता. वर्षभरात आजार परतला तो औषधांना न जुमानणारा होऊन, आणि धाकट्या भावालाही झाला. मग ते आमच्याकडे आले. तिला इंजेक्शनं सुरू झाली, त्यांनी कानांवर परिणाम झाला, म्हणून ती थांबवून बेडाक्विलिन दिलं. ते औषध तेव्हा फक्त सरकारी क्षयरोग कार्यक्रमातूनच मिळत होतं. वडील पैसे घेऊन दुकानात गेले असते तरी ते विकत मिळालं नसतं. दोघं भावंडं बरी झाली. मुलीला उजव्या कानाने आजही कमी ऐकू येतं. त्या वडिलांनी एकदा मला विचारलं होतं, "पहिल्याच दिवशी इथे आलो असतो तर हे सगळं फुकट होतं?" हो, फुकट होतं. गोळ्या चुकल्या तर घरी माणूस विचारायला आला असता. आता तर पोषणासाठी महिन्याला एक हजार रुपयेही खात्यात येतात. आधी पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून दुप्पट केले.

लोकलच्या डब्यात तुमच्या शेजारी उभा असलेला माणूस गोळ्या पुऱ्या करतो की नाही, यावर तुमच्या घरचं आरोग्य ठरतं. तुम्ही व्यायाम करा, विमा काढा, त्याचा श्वास तुमच्या छातीत जाणारच. पावसाळ्यात परळजवळच्या हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून चालताना लेप्टोचे, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या तापाचे, जंतू पायाची जखम पाहतात, पॉलिसी पाहत नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोने माणसं गेली. लेप्टो रोखणाऱ्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वेळेत लोकांपर्यंत पोहोचवणं, उंदीर मारणं, टाक्यांवर झाकणं आहेत का हे गच्चीवर चढून पाहणं, ही कामं कुणी एकटा माणूस आपल्यापुरती करू शकत नाही.

या शहराला हे फार महागात पडून कळलंय. १८९६ साली मांडवीत प्लेग निघाला. ज्याची ऐपत होती तो गाव गाठून सुटला, आणि आजारही त्याच्याबरोबर बाहेर गेला. परळला आचार्य दोंदे मार्गावरून जाताना हाफकिन संस्थेचं फाटक दिसतं. ज्यांच्या नावाने ती संस्था आहे, त्या वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला गेला आणि हवा-उजेडासाठी वस्त्या फोडून रस्ते काढले गेले. पण त्याच काळात सरकारने घराघरांत शिरून पेशंट ओढून नेले, तेव्हा लोक आजारी माणसं लपवू लागले, १८९८ च्या मार्चमध्ये दंगल झाली. सरकारच्या सहभागाची ही दुसरी बाजू मला विसरायची नाही. विश्वास नसला की सरकारी मदतीपासून माणूस पळतो, आणि आजही मी तेच पाहते, फक्त आता पळायला लावणारं कारण जबरदस्ती नसून वागणूक आहे.

एका सरकारी रुग्णालयात घडलेलं सांगते, नाव नको. सत्तरीचे एक आजोबा. एका खिडकीवरून दुसरीकडे पाठवलं शिक्क्यासाठी, तिथून तिसरीकडे, तिथून "जेवणाची सुट्टी झाली, दोनला या". दुपारी मला त्यांचा केसपेपर बाकड्यावर सापडला, नीट घडी घालून ठेवलेला. आजोबा गेले होते. पत्ता अर्धवट होता, मी दोन दिवस शोधलं, मिळाले नाहीत. एमआरआयला दोन-दोन महिन्यांनंतरच्या तारखा, "हे बाहेरून आणा" अशी चिठ्ठी, रात्रपाळीला एका सिस्टरवर चाळीस खाटा, ट्रॉली नातेवाइकानेच ढकलायची, हे सगळं मी आतून पाहिलंय. त्याचं समर्थन मी करणार नाही. मला याचा राग येतो, निवृत्तीनंतरही येतो.

पण यावर उपाय म्हणून सरकारने बाहेर पडावं, हे मला पटत नाही. का, ते सांगते. मी नोकरीला लागले तेव्हा जनरल वॉर्डात बँकेतले कारकून असत, शाळेतले मास्तर असत. जेवण खराब आलं की ते डीनना पत्र लिहीत, नगरसेवकाला फोन लावत, पेपरात पत्र छापून आणत. दुसऱ्या दिवशी जेवण सुधारायचं. हळूहळू ही मंडळी विमा घेऊन निघून गेली. राहिला तो नाका कामगार, घरकाम करणारी बाई, परगावहून आलेला शेतकरी. त्यांचा आवाज कोण ऐकतं? तुमच्या वडिलांनी ती पायरी चढली नाही, आणि पायरी तुटली तेव्हा तक्रार करणारं कुणी उरलं नाही. परळच्या ज्या केईएम रुग्णालयाबद्दल लोक गर्दीची तक्रार करतात, ते १९२६ मध्ये उभं राहिलं तेव्हा सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या देणगीला एक अट होती, की वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे भारतीयच असावेत. परक्या सरकारच्या काळात आपल्या माणसांनी आपल्या बळावर उभं केलेलं ते रुग्णालय आहे. मला तर ती स्वावलंबनाचीच गोष्ट वाटते. आपल्या शहराने आपल्या लोकांसाठी पैसे घालून रुग्णालय बांधणं, यात हात पसरणं कुठे आलं?

फुकट या शब्दाचंही तसंच. कर तुम्ही भरता, तसा तुमच्या मशीनवर काम करणारा मुलगाही साबणाच्या वडीवर, चपलेवर भरतोच. १९४६ साली देशाच्या आरोग्यसेवेची आखणी करणाऱ्या भोर समितीने लिहून ठेवलं की पैसे नाहीत म्हणून कुणी पुरेशा उपचारांवाचून राहू नये. आणि आपण किती खर्च करतो? २०१७ च्या राष्ट्रीय धोरणात सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरलं. आरोग्यावर कोण किती खर्च करतं याचा सरकारी हिशोब, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य लेखे, त्यांत २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता. त्याच लेख्यांप्रमाणे एकूण आरोग्य खर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो ३९.४ वर आला. उतरलाय, पण अजूनही शंभरातले एकोणचाळीस रुपये तो पेशंट आणि त्याचं घर देतंय. म्हणजे या देशातला माणूस आजही भरपूर स्वावलंबी आहे, नको तितका.

आळशी होण्याबद्दल एवढंच म्हणेन : फुकट आहे म्हणून केमो घ्यायला आलेला माणूस मी अठ्ठावीस वर्षांत पाहिला नाही. हां, खोटा उत्पन्नाचा दाखला घेऊन आलेले पाहिलेत. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, उच्च न्यायालयाने मंजूर केलेली ही योजना २००६ पासून आहे. तिथे गाडीतून उतरून तहसीलदाराचा दाखला पुढे करणारे आले की मला संताप यायचा, कारण ती खाट दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडचा घास होती. आणि बहुसंख्य गरिबांना ही योजना माहीतच नसायची.

विमा जरूर काढा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेलाय. पण विमा म्हणजे सगळं झालं असं धरू नका, कारण पॉलिसी वाचलेले लोक मला फार थोडे भेटले. एकाची पाच लाखांची पॉलिसी होती, खोलीच्या भाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला पाच हजार. रुग्णालयात फक्त नऊ हजारांची खोली रिकामी होती, घेतली. त्यांना वाटलं, वरचे चार हजार रोज आपण भरू. बिल आलं तीन लाख साठ हजार. औषधं, तपासण्या आणि स्टेंट यांचे नव्वद हजार पूर्ण मिळाले, पण बाकीच्या दोन लाख सत्तर हजारांवर कंपनीने नवातले पाच भाग मोजले, म्हणजे दीड लाख दिले. खोली महाग घेतली की डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं. एक लाख वीस हजार खिशातून गेले. कॅशलेस कार्ड हातात धरून ते गृहस्थ डिस्चार्जच्या खिडकीपाशी किती वेळ उभे होते, मला अजून दिसतं. म्हणून खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी बघा, हप्ता थोडा जास्त पडला तरी.

सरकारी कार्डाबद्दलही माझं मत पूर्ण गोड नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत आणि ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली आहे. तिच्यामुळे वाचलेली घरं मी मोजू शकणार नाही, इतकी आहेत. पण ती प्रामुख्याने भरती झाल्यावरची योजना. रक्तदाबाची रोजची गोळी, साखरेची तपासणी, हे तिच्यात येत नाही. ते काम गल्लीतल्या दवाखान्याचं. म्हणून २०२२ मध्ये महापालिकेने 'आपला दवाखाना' सुरू केला आणि कामावरून सुटलेल्या माणसाला जाता येईल अशी संध्याकाळची वेळ ठेवली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. सरकारने पैसे हीच खरी जबाबदारी समजून खाजगी रुग्णालयांना बिलं चुकवत बसावं आणि आपले दवाखाने, आपल्या सिस्टर, आपली यंत्रं कमी करत जावं, याची मला भीती वाटते. कार्ड चालायला आधी रुग्णालय लागतं.

एक गोष्ट तुमच्या युनिटबद्दल. कामगार किती ते तुम्ही लिहिलं नाही. दहा किंवा जास्त असतील तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू होतं, महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना. अठरा हजारवाल्याचे १३५ रुपये कापले जातात, तुम्ही ५८५ घालता. त्यात त्याचं कुटुंबही येतं. मूळ कायदा १९४८ चा. सगळ्यांनी थोडं थोडं घालायचं आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याने घ्यायचं, ही गिरणगावातल्या भिशीचीच रीत. तो मुलगा उद्या उसने मागायला तुमच्याकडेच येणार आहे, त्यापेक्षा हे बरं.

घरी एवढं करा. रेशनकार्डावर सगळ्यांची नावं आहेत का पाहा. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं आणि सासरच्या कार्डात चढलेलं नाही, एवढ्यावरून ऑपरेशन चार दिवस लांबलेलं मी पाहिलंय. आधारवरचं आणि रेशनकार्डावरचं स्पेलिंग जुळवून घ्या. जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये, त्या बाईंसारखे, तारखेने.

आणि बाबा. जिना चढताना छातीत भरून येणं हे 'बघू' म्हणण्यातलं नाही, याच आठवड्यात दाखवा. घाम, जबडा किंवा हात दुखणं, बसल्या जागी छाती दाबल्यासारखी वाटणं, यातलं काही झालं तर ओपीडीची वाट न पाहता १०८ ला फोन लावा आणि थेट कॅज्युअल्टी गाठा. तसं नसेल तर महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयाच्या हृदयरोग ओपीडीचा वार आधी विचारून घ्या, केसपेपरच्या रांगेत सकाळी लवकर तुम्ही उभे राहा, त्यांना बाकड्यावर बसवा. बरोबर पाण्याची बाटली, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि जुना ईसीजी असू दे. सत्तरी ओलांडली आहे, म्हणजे उत्पन्न कितीही असो, केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचं वय वंदना कार्ड त्यांना मिळतं. आधार घेऊन योजनेच्या खिडकीशी आरोग्यमित्राला विचारा, तो काढून देईल. ते नाही म्हणतील. त्यांना सांगा, तुम्ही आयुष्यभर या शहरात राबलात, हे तुमचंच आहे. तरी ऐकलं नाही तर त्या हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात त्यांना घेऊन बसा. माझ्या जागी आता ज्या मुली आहेत, त्या बोलतील त्यांच्याशी.